बुधवारची दमलेली मंडळी

लहान मुलांच्या आया एकत्र बसल्या की किस्से गोळा करावे लागत नाहीत. दोरीवरून काढलेल्या कपड्यांसारखे ते खुर्चीवर साचत राहतात. घड्या घालायला कोणाला वेळ नसतो, एवढंच. परवा जोएलला, म्हणजे माझ्या मुलाला, ताप होता म्हणून कॉलेजच्या लायब्ररीतून मी सुट्टी घेतली. औषध घेऊन तो झोपला आणि मला अचानक एक रिकामी दुपार मिळाली. म्हटलं, चला, चार घड्या घालू.

हे किस्से आमच्या वर्ध्याच्या चर्चमधल्या बुधवारच्या संगतीतले. संगती म्हणजे प्रार्थनेला एकत्र बसणं. ही सुरू केली पाळकीणबाईंनी, म्हणजे आमच्या पाळकसाहेबांच्या पत्नीनं. त्यांना स्वतःला तीन मुलं. एका रविवारी उपासना संपल्यावर त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लहान मुलांच्या आयांसाठी बुधवारी दुपारी प्रार्थना ठेवली आहे. ज्या दमल्या आहेत त्यांनी प्रार्थनेला या. ज्या दमल्या नाहीत त्यांनी पोरं सांभाळायला या."

दुसऱ्या प्रकारची एकच बाई निघाली. एस्तेरमावशी. पाच मुलं वाढवून, त्यांची लग्नं लावून मोकळ्या झालेल्या, आणि कानानं बऱ्याच कमी. पोरं सांभाळायला हे दोन्ही गुण लागतात, असं त्यांचंच म्हणणं.

*

पहिला बुधवार. एप्रिलची दुपार, म्हणजे वर्ध्यात काय ते सांगायला नको. चर्चच्या मागच्या खोलीत कूलर लावलेला, खाली सतरंजी, पोरं बाहेर कडुनिंबाखाली मावशींच्या ताब्यात. गीत झालं, बायबलमधलं शास्त्रवाचन झालं. मग पाळकीणबाई म्हणाल्या, "आता पाच मिनिटं डोळे मिटून शांत बसू. आपलं ओझं मनातल्या मनात प्रभूपुढे ठेवा. शेवटी मी आमेन म्हणीन."

आम्ही डोळे मिटले.

आमेन काही आलं नाही.

मला जाग आली ती मावशींच्या आवाजानं. काखेत एक पोर, पदराला दुसरं लोंबकळलेलं, अशा त्या दारात उभ्या. "आमेन म्हणा वं कोणी. चार वाजून राह्यले. पोरं भुकेजली."

पाहते तर सगळ्या आडव्या. आमची सुवार्ता, जी शाळेत विज्ञान शिकवते आणि जिच्या साडीला कधी सुरकुती दिसत नाही, ती भिंतीला टेकून तोंड उघडं टाकून झोपलेली. आणि सतरंजीच्या मधोमध, शास्त्र छातीशी धरून, पाळकीणबाई घोरत होत्या.

त्या उठल्या. पदर सारखा केला. सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि अगदी ठरल्या वेळी म्हणावं तसं म्हणाल्या, "आमेन."

मला वाटलं, संपलं. आता पुढच्या बुधवारी लाजून कोणी येणार नाही. पुढच्या बुधवारी दुप्पट बायका आल्या. एकीनं तर घरून उशी आणली होती.

*

ही बातमी चर्चच्या पंचांपर्यंत पोचलीच. त्यांतले एक ज्येष्ठ पंच, रिटायर्ड हेडमास्तर, पाळकीणबाईंना व्हरांड्यात गाठून म्हणाले, "बाई, बायका प्रार्थनेला येऊन झोपतात असं कानावर आलं. हे शोभतं का?"

पाळकीणबाई म्हणाल्या, "सर, शास्त्रातला तो संदेष्टा आठवतो का? जो पळून पळून इतका दमला, की झुडपाखाली आडवा झाला आणि देवाला म्हणाला, पुरे झालं, आता मला ने?"

"आठवतो की."

"देवानं त्याला काय केलं?"

सरांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली.

"झोपू दिलं," पाळकीणबाई म्हणाल्या. "मग देवदूताकरवी गरम भाकर आणि पाणी दिलं. मग परत झोपू दिलं. उपदेश त्याच्या नंतर. आणि तोही हळू आवाजात."

सर छत्री उघडून निघून गेले. आम्हाला वाटलं, आता हा विषय कमिटीत जातो. पण पुढच्या बुधवारी त्यांच्या मिसेस आल्या, हातात भला मोठा डबा. आत गरम आलुबोंडे. त्या म्हणाल्या, "ह्यांनी पाठवले. म्हणाले, झोपायचं तर झोपू द्या, पण भाकरीची सोय कोण पाहणार?"

*

आता मंदाबद्दल सांगायला हवं. मंदा मूळची हिंगणीची, शेतकऱ्याची मुलगी. लग्न होऊन वर्ध्याला आमच्या शेजारी आली. तिच्या घरी देवघर आहे, गणपती बसतो, सगळं रीतसर. तिला दोन वर्षांचे जुळे मुलगे. एका बुधवारी मी निघाले तर ती दारातच बसलेली, दोन्ही पोरं दोन मांड्यांवर रडत होती, आणि तीही जरा रडल्यासारखीच दिसत होती. म्हणाली, "कुठी निघाली वं?"

म्हटलं, "प्रार्थनेला. पोरं मावशी सांभाळतात. आम्ही बसतो, चहा पितो."

"बसाले भेटते?"

"बसायला मिळतं."

तिनं चपला घातल्या.

तिथं एका नव्या बाईनं तिला प्रेमानं विचारलं, "तुम्ही ख्रिस्ती आहात का?"

मंदा म्हणाली, "नाई जी. मी जुळ्याची माय आहो."

त्यानंतर तिला कोणी काही विचारलं नाही. ती कूलरसमोरच्या जागेवर बसते आणि प्रार्थनेत आमच्यापेक्षा मोठ्यानं आमेन म्हणते.

*

एकदा नागपूरहून एक तरुण प्रचारक आले होते. कडक इस्त्रीचा कुर्ता, लग्न व्हायचं होतं. त्यांचा विषय 'एकांतातली प्रार्थना'. पहाटे चारला उठावं, घरातला एखादा शांत कोपरा गाठावा आणि तासभर देवाच्या सान्निध्यात बसावं, असं ते फार सुंदर सांगत होते.

मंदानं हात वर केला. "भाऊ, एक इचारू का? एकांत म्हणजे नेमका कुठी भेटते?"

"जिथे तुम्ही आणि देव, तिसरं कोणी नसतं, तिथे."

मंदानं खरंच विचार केला. "मंग आमच्या घरी नाई भेटत. मी संडासात गेली तरी एक जण दार वाजवते, अन् दुसरा खालच्या फटीतून बोटं घालते."

"म्हणून तर पहाटे चारला उठायचं, ताई."

"चारले तर मी रोज जागीच असतो जी. ते दोघं बी जागे असतेत."

त्या दिवशी एस्तेरमावशी कुठल्याशा लग्नाला गेल्या होत्या, त्यामुळे पोरं आतच होती. तेवढ्यात एका जुळ्यानं डायपरचं काम केलं. मंदानं दुसरा जुळा उचलला आणि प्रचारकांच्या हातात दिला. "धरा जरा. हा सोडला की रस्त्यावर पळते."

ते धरून उभे राहिले. पोरानं आधी त्यांचा चष्मा काढला आणि चाटून पाहिला. मग खिशातलं पेन. मग शांतपणे त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि कुर्त्याची इस्त्री मोडली ती कायमची, कारण याचंही डायपर भरलेलं होतं आणि नीट बसलेलं नव्हतं.

भाषणाचा बराच भाग राहिला होता. पण ते म्हणाले, "आपण शेवटची प्रार्थना करू." डोळे मिटले. ओला कुर्ता, काखेत पोर. "प्रभू, या बहिणींना..." आणि थांबले. इतका वेळ थांबले की मी एक डोळा उघडून पाहिलं. मग म्हणाले, "या बहिणींना झोप दे. आमेन."

आजवर आमच्यासाठी अनेकांनी प्रार्थना केल्या. इतकी मुद्द्याची कोणी केली नाही.

पुढे त्यांचं लग्न झालं, मुलगी झाली. मागच्या महिन्यात त्यांचा पाळकीणबाईंना फोन आला. आवाज बसलेला. विचारत होते, "ती तुमची बुधवारची संगती पुरुषांना चालते का?"

*

एक किस्सा आमच्या घरचा. रविवारी उपासनेत पाळकसाहेब मुलांना पुढे बोलावून प्रश्न विचारतात. जोएल तेव्हा चार वर्षांचा होता. पाळकसाहेब म्हणाले, "मुलांनो, ओळखा पाहू. असा कोण आहे, जो कधी झोपत नाही? जो सगळं पाहतो? ज्याच्यापासून आपण काहीच लपवू शकत नाही?"

बाकीची मुलं विचार करत होती. जोएलनं माइक दोन्ही हातांनी धरला आणि सांगितलं, "माझी आजी."

सासूबाई पहिल्या बाकावर बसतात. मी डोकं खाली घातलं. आमचे हे छताचा पंखा बघत होते. मागच्या बाकांवर लोकांना एकदम खोकला झाला.

घरी येईपर्यंत सासूबाई आमच्या चार पावलं पुढेच चालत राहिल्या. मी मनातल्या मनात माफीची दोन-तीन भाषणं तयार केली. जेवणं झाली. आणि मग एक नवल घडलं: सासूबाई आतल्या खोलीत गेल्या, पंखा लावला आणि भरदुपारी चक्क झोपल्या. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना दुपारी झोपलेलं पाहिलं नव्हतं. भांडी कोण घासतं, गॅस नीट बंद झाला का, दूध झाकलं का, काही नाही.

संध्याकाळी चहा देताना मी भीत भीत विचारलं, "आई, बरं नाही का?"

"बरी आहे," त्या म्हणाल्या. "पण मी काही देव नाही."

*

व्हॉट्सअ‍ॅपवर आमचा ग्रुप आहे. रोज सकाळी एकीनं बाकीच्यांना धीर मिळेल असा छोटा व्हॉइस मेसेज पाठवायचा. सुवार्ताची पाळी आली तेव्हा तिनं विषय घेतला 'सौम्यता'. तिचा आवाज मुळातच गोड.

"बहिणींनो, आज आपण सौम्यतेबद्दल विचार करू या. घरात आपला आवाज चढला की देवाची शांती... रोहन, ते नाकातून काढ. काढ म्हणते ना. वाटाणा आहे तो, नाकात घालतात का? इकडे ये. मी उठले तर बघ... तर बहिणींनो, देवाची शांती त्या घरात राहत नाही. म्हणून आपण प्रत्येक शब्द... रोहन! दुसऱ्या नाकपुडीत नको, रोहन!"

मग चपलेचा आवाज. मग कपाट सरकल्यासारखा काहीतरी आवाज. मग धापा टाकत, पण अगदी मधुर स्वरात, "प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो."

तिनं तो न ऐकताच पाठवला. काढून टाकायचं तिच्या लक्षात आलं तोवर सगळ्यांनी दोन-दोनदा ऐकला होता. पाळकीणबाईंनी लिहिलं, "देवाचे आभार. मला वाटायचं हे फक्त आमच्याच घरी होतं." खाली एकीमागून एक सगळ्यांचे आमेन आले.

मंदानं लिहिलं, "वाटाणा निंगाला का?"

*

मग एकदा पाळकीणबाईंनी ठरवलं की आयांना एक पूर्ण दिवस आराम द्यायचा. पोरांशिवाय. पोरं चर्चमध्ये बापांकडे, आणि आम्ही मंदाच्या माहेरी हिंगणीला. बोर धरण पाहायचं, मंदाच्या आईच्या हातचं जेवायचं, झाडाखाली बसायचं आणि परत यायचं.

गाडीत बसल्यावर कोणालाच काही बोलता येईना. वाक्य मधेच तोडायला कोणी नव्हतं, त्यामुळे ते पूर्ण कसं करायचं हेच आठवेना. धरणावर पोचलो. पाणी छान होतं, वारा होता. आम्ही काठावर ओळीनं उभ्या राहिलो. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की आम्ही सगळ्या उभ्या उभ्या डुलतो आहोत. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. कडेवर कोणीही नव्हतं.

जेवायला बसलो. झुणका, ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत. पाळकीणबाईंनी बोलता बोलता शेजारच्या सुवार्ताची भाकर बारीक कुस्करली, भरीत कालवलं, फुंकर मारली आणि घास तिच्या तोंडापुढे धरला. सुवार्तानं तोंड उघडलंही. मग दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

मंदाची आई भाकरी थापत हे सगळं बघत होती.

जेवण झाल्यावर अंगणात बाजांवर आडव्या झालो. डोळा लागतोय तोच मागच्या गोठ्यातून बारीक रडल्यासारखा आवाज आला. चौघी जणी एकदम उठून बसल्या. पाळकीणबाई तर चपला न घालता निघाल्या. "आले, आले, आले."

"बसा वं बाई," मंदाची आई म्हणाली. "बकरीचं पिल्लू हाय ते. त्याची माय हाय तिथं."

*

शेवटचा किस्सा सुवार्ताचाच.

रोहनच्या पाठीवर तिला मुलगी झाली. बाळ छान, बाळंतपण सोपं. आम्ही पेढे खाल्ले. त्यानंतर ती बुधवारी येईना. बाळ लहान आहे, येईल हळूहळू, असं आम्ही म्हणत राहिलो. मग तिचे मेसेज बंद झाले. आम्ही ग्रुपवर बायबलमधली धीराची वचनं पाठवत होतो, फुलांची चित्रं पाठवत होतो. ती ते उघडूनही बघत नव्हती.

एका सकाळी मी आणि मंदा तिच्या घरी गेलो. तिच्या नवऱ्यानं दार उघडलं आणि आम्हाला बघून त्याला सुटल्यासारखं झालं. सुवार्ता आत पलंगावर बसली होती. केस विंचरलेले नव्हते, गाऊनवर वाळलेलं दूध. बाळ शेजारी रडत होतं आणि ती भिंतीकडे बघत होती. इस्त्रीशिवाय कधी न दिसलेली आमची सुवार्ता.

मी बाळाला घेतलं. भिंतीकडेच बघत ती म्हणाली, "माझ्याच्यानं प्रार्थना होत नाही गं. तोंड उघडते, शब्दच येत नाहीत. देवाला काय वाटत असेल?"

मी येताना वाटेत एक वचन मनात घोकून आणलं होतं. ते मला म्हणता येईना.

मंदा म्हणाली, "तू नको करू. तुह्या वाटची आम्ही करतो. तू उठ, मी पाणी तापवतो, आंग धू."

आणि तिनं तिला न्हाऊ घातलं. मी बाहेर बाळाला घेऊन उभी होते. आतून पाण्याचा आवाज येत होता आणि मंदा न्हाऊ घालता घालता सांगत होती, की जुळे झाल्यावर तीही अशीच बसायची, गोठ्यातल्या गाईसारखी, कोणी उठवलं तर उठायची.

त्या दिवसापासून आम्ही पाळीपाळीनं डबे नेले. ती दोन घास खायची आणि ताट सरकवायची. म्हणायची, सगळं माती खाल्ल्यासारखं लागतं. मंदानं वडाभात नेला, पाळकीणबाईंनी मटण नेलं, माझ्या सासूबाईंनी पुरण घातलं. सगळी मातीच.

पाळकीणबाई म्हणाल्या, "हिला डॉक्टरकडे न्यायला हवं. मनाच्या डॉक्टरकडे."

सुवार्ताचा नवरा भला माणूस, पण घाबरला. म्हणाला, "बाई, मंडळीतले लोक काय म्हणतील? म्हणतील, विश्वास कमी पडला."

पाळकीणबाई म्हणाल्या, "तुम्ही चष्मा लावता तो विश्वास कमी पडला म्हणून का?"

दुसऱ्या दिवशी तो स्वतः गाडी घेऊन आला. पाळकीणबाई सोबत गेल्या, बाहेरच्या बाकावर बाळाला घेऊन बसून राहिल्या. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की वेळ लागेल, आणि वेळ लागलाच. काही दिवस बरे जायचे, मग परत भिंत. आम्ही जात राहिलो. कधी तिच्याशी बोलायचो, कधी नुसती भांडी घासून यायचो. मंदा रोहनला जुळ्यांसोबत घेऊन जायची आणि म्हणायची, "दोनाचे तीन झाले तं काय बिघडते, आवाज तोच."

पावसाळा गेला, नाताळ गेला. फेब्रुवारीतल्या एका रविवारी सुवार्ता चर्चला आली. साडी नेसून. तिनं मंदालाही येच म्हणून सांगितलं होतं, म्हणून मंदाही आली होती आणि सगळ्यात मागच्या बाकावर एस्तेरमावशींच्या शेजारी बसली होती. मी त्यांच्या पुढच्याच बाकावर होते.

आमच्याकडे उपासनेत साक्ष द्यायची वेळ असते. देवानं आपल्यासाठी काय केलं, ते उभं राहून सांगायचं. काही जणांच्या साक्षी जन्मापासून सुरू होतात, आणि एक काका तर आजोबांच्या जन्मापासून सुरू करतात. त्या दिवशीही तसंच झालं. पोरं कुरकुरायला लागली. पाळकसाहेब म्हणाले, "अजून कोणाला द्यायची असेल तर कृपा करून थोडक्यात द्या."

सुवार्ता उभी राहिली. कडेवर मुलगी. सगळ्यांनी तिच्याकडे माना वळवल्या, कारण थोडंफार सगळ्यांच्या कानावर होतं. तिनं घसा साफ केला. बाकाची कड घट्ट धरली.

"काल मी भात लावला," ती म्हणाली.

आम्ही वाट बघत राहिलो.

"खाल्ला. चांगला लागला."

आणि ती खाली बसली.

पाळकसाहेबांनी गीताचं पुस्तक उघडलं, मिटलं, चष्मा काढला. पेटीवर बसलेल्या बाईंनी हात पट्ट्यांवर ठेवले पण वाजवलं काही नाही.

मागून एस्तेरमावशींचा आवाज आला. कानानं कमी असल्यामुळे त्यांना वाटतं की आपण कुजबुजतो आहोत. "काय म्हणली वं ते?"

मंदा त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, तेही सगळ्यांना ऐकू गेलं, "भात चांगला झालता म्हणते."

"हालेलुया," मावशी म्हणाल्या. पदरानं डोळे पुसले. मग जरा पुढे वाकल्या आणि मंदाला म्हणाल्या, "कोणता तांदूळ होता, इचार."

आमच्या पुढच्या बाकावरून, मागे वळून न बघता, सुवार्ता म्हणाली, "चिन्नोर, मावशी."